नेमके ३५ मिळाले तर?

दहावीला १०० पैकी किमान ३५ गुण म्हणजे पास, हा पुण्यातल्या राज्य मंडळाचा नियम घरोघरी पाठ आहे. तोच आम्ही मुलांना पायथॉनमध्ये लिहायला देतो. बरेच जण लिहितात: गुण > ३५. आणि नेमके ३५ मिळवणारे पोर नापास! ‘किमान’ म्हणजे तितके किंवा जास्त; तिथे >= हवे. मतदानाचे १८ वर्षे वय घ्या, तेच.

उर्दू उजवीकडून वाचणारी मुले < आणि > यांत कधीकधी गोंधळतात. आम्ही सांगतो, उघडे तोंड मोठ्या संख्येकडे. बरोबरीच्या चिन्हाचे मात्र समजावावे लागते. एक = म्हणजे ‘हे मूल्य ठेव’, दोन == म्हणजे ‘सारखे आहे का?’ असा सवाल.

खरी गंमत पुढे. कीबोर्डवरून आलेली संख्या पायथॉन मजकूर समजतो. ३५ सुद्धा अवतरणचिन्हांत लिहिले, तर तुलना लुगत चाळल्यासारखी होते, पहिल्या अक्षरावरून. ‘१००’ मधला १ हा ‘३५’ मधल्या ३ च्या आधी येतो, म्हणून शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलगी नापास! उलट ‘९’ वाला पास. यावर वर्ग खळखळून हसतो, आणि नंतर कुणी ‘इंट’ लावायला विसरत नाही.

घरी मूल प्रोग्रॅम दाखवू लागले, तर अम्मी-अब्बांनी कोड समजण्याची गरज नाही. ३४, ३५, ३६ आणि १०० टाकायला सांगा, चारही उत्तरे बघा.