तज्ज्ञ साक्षीदार नेमका कोणाचा?

शवविच्छेदन करणारे डॉक्टर, कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतले विश्लेषक, सही तपासणारे हस्ताक्षरतज्ज्ञ यांची साक्ष झाली की खटल्याचा निकाल ठरलाच, अशी समजूत सर्रास आढळते.

गैरसमज : तज्ज्ञाने सांगितले म्हणजे सिद्ध झाले.
वस्तुस्थिती : भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार (पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ४५) तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून विचारात घेता येते, ते न्यायालयावर बंधनकारक नाही. हिमाचलमधल्या सफरचंद खरेदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केले. ज्या शास्त्रीय कसोट्यांवर मत बेतले आहे, त्या तज्ज्ञाने न्यायाधीशांपुढे मांडायच्या आणि न्यायाधीशांनी त्या स्वतः पारखून घ्यायच्या. कारणांविना दिलेल्या निष्कर्षाला फारसे वजन नाही.

गैरसमज : ज्या पक्षाने बोलावले, त्याची बाजू भक्कम करणे हे तज्ज्ञाचे काम.
वस्तुस्थिती : ते काम वकिलाचे. तज्ज्ञ शपथेवर बोलतो आणि त्याचे कर्तव्य न्यायालयाला मदत करण्याचे असते. आपल्या क्षेत्राबाहेर बोलायचे नाही आणि गैरसोयीची नोंद दडवायची नाही, हे त्यातच आले. ही दोन्ही पथ्ये मोडली की काय होते, ते इंग्लंडच्या सॅली क्लार्क खटल्यात दिसले. या वकील महिलेची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. खुनाच्या आरोपावरून १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. नामांकित बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले, की तिच्यासारख्या घरात दोन बाळे अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरून त्या आकड्याला त्यानेच गुणले होते. पण ही भावंडे होती. एखादे आनुवंशिक कारण असेल, तर ते दोघांतही असू शकते. तिथे असा गुणाकार लागू पडत नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये यावर जाहीर आक्षेप घेतला. मेडो संख्याशास्त्रज्ञ नव्हते. मला मात्र त्या गुणाकाराहून दुसरी गोष्ट अधिक भयंकर वाटते. धाकट्या बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचे तपासणीचे निकाल शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञाने उघडच केले नव्हते. ते पुढे आल्यावर जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर त्या आईची तीन वर्षे तुरुंगात गेली होती.

गैरसमज : प्रत्येक अहवालासाठी तज्ज्ञाला कोर्टात यावेच लागते.
वस्तुस्थिती : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार ठरावीक सरकारी शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांच्या साक्षीशिवाय वाचता येतात. कलम ३३० म्हणते, की अहवालाला कोणत्याच पक्षाने हरकत घेतली नाही, तर तज्ज्ञाला बोलावायचेच नाही. म्हणून आरोपीच्या वकिलाने नुसता निष्कर्ष वाचून थांबू नये. त्यामागच्या चाचण्यांच्या नोंदी मागून घ्याव्यात आणि शंका असेल तर हरकत वेळेत नोंदवावी.