घर विकतांना बागेचें काय करावें?

घर विकावयाचें ठरलें कीं मंडळी प्रथम भांडीं मोजतात, मग कपाटें उघडतात. बागेची आठवण शेवटीं होते, आणि तोंपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आमचेंही तसेंच व्हावयाचें होतें. पुण्यांतील जुनें घर विकून सदनिकेंत राहावयास जाण्याचें गेल्या वर्षीं चैत्रांत ठरलें, त्याच दिवशीं अंगणांतील पाण्याची नळी गुंडाळली गेली. "आतां परक्याच्या झाडांना पाणी कशाला?" असें आमच्यापैकींच एकजण म्हणाले. थोरल्या काकूंनीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे ७८ वर्षांच्या काकू कळशी घेऊन आळ्यांत पाणी घालीत होत्या. त्या कळशीनें आम्हांस लाजविलें, व आम्ही या प्रश्नाचा नीट विचार करूं लागलों.

प्रथम कायदा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणें वेगळा करार नसेल, तर जमिनीबरोबर तींत रुजलेलीं झाडेंझुडपेंही घेणाराचीं होतात. म्हणून जें झुडूप न्यावयाचें, त्याचा उल्लेख करारपत्रांत आधींच करावा. तसेंच जागा मोकळी दिसावी म्हणून मोठें झाड तोडण्याचा मोह आवरावा. शहरांतून १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानें त्यास परवानगी लागते. शिवाय हिरवें अंगण पाहून येणाराचें मनही प्रसन्न होतें.

दुसरी गोष्ट वेळेची. भर उन्हांत उपटलेलें झुडूप सहसा जगत नाहीं. मूळ झाड जागेवर ठेवून त्याचीं पिलें करून घ्यावीं, आणि त्यासाठीं पावसाळा हाताशीं असावा. मोगऱ्याची खालची फांदी, साल किंचित छेदून, कुंडींतल्या मातींत दाबावी व वर दगड ठेवावा. मुळें धरलीं म्हणजे ती कापून अलग करावी. जास्वंदीच्या वीतभर कांड्या लावाव्या. कढीलिंबाच्या बुंध्याभोंवतींचे फुटवे मुळांसकट काढावे. प्राजक्ताच्या चपट्या फळांतील बिया व तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या पुडींत बांधून ठेवल्या तरी पुरे.

प्रश्न उरला आंब्याचा. तो आमच्या आजोबांनीं कोयीपासून वाढविलेला रायवळ. त्याची कोय रुजविली, तरी फळ हुबेहूब तसेंच येईल असा भरंवसा नाहीं. तेव्हां जाणत्या माळ्याकडून श्रावणांत कोय कलमें बांधवून घेतलीं. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोंवळ्या रोपावर जुन्या झाडाची काडी बसवावयाची, अशी ही रीत आहे. सहा बांधलीं, चार जगलीं. यंदाच्या मृगांत तीं गांवच्या शेतांत लागलीं.

दिवाळीनंतर ताबा दिला, त्या दिवशीं काकूंनीं घेणाऱ्या बाईंच्या हातीं किल्ल्यांबरोबर एक कागद दिला. कोणत्या झाडास किती पाणी, प्राजक्त केव्हां फुलतो, मोहोरापूर्वीं आंब्याचें पाणी कां तोडावें, एवढेंच त्यांत होतें. पुढें ती बाग राहील कीं तेथें इमारत उठेल, हें आमच्या हातीं नाहीं. पण आम्ही निघालों तेव्हां सारीं आळीं ओलीं होतीं. आणि त्या पहाटेचें पाणी, नळी गुंडाळणाऱ्या गृहस्थांनींच घातलें होतें.