तीन मिनिटांचं ल्यूसीन

रुमानियातल्या याश गावी १९१२ साली जन्मलेल्या जॉर्ज पॅलाडेनं डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला तो डॉल्फिनच्या मूत्रपिंडावर. भोवती सगळं खारं पाणी आणि प्राणी तर आपल्यासारखा सस्तन. मग त्याचं मूत्रपिंड हा कारभार निभावतं कसं? दवाखान्याची पाटी लावायचं सोडून असल्या प्रश्नांमागे लागणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून ओढ. त्यामुळे विषय कॅलिफोर्नियातल्या एका पेशी व रेण्वीय वैद्यक विभागाचा असला, तरी निम्मा लेख पॅलाडेच खाऊन टाकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

विभागाचा इतिहास उरकून टाकू. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा १९६० साली ला होया इथे, समुद्रालगतच्या टेकाडावर सुरू झाली. १९९० मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, पॅलाडे येल विद्यापीठ सोडून तिथे आला. बरोबर पत्नी मॅरिलिन फारकर, त्याही पेशीशास्त्रातल्या मोठ्या संशोधक. या दोघांच्या पुढाकारातून विभाग उभा राहिला आणि फारकरबाई त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. नावात वैद्यक असलं तरी इथे खाटा नाहीत, वॉर्ड नाहीत. आहेत त्या प्रयोगशाळा. इमारतीला पॅलाडेचं नाव आहे. झालं.

आता स्वादुपिंड.

पॅलाडे १९४६ मध्ये अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्बेर क्लोदच्या हाताखाली रुजू झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा नवा होता आणि त्याखाली पेशी दिसायची ती बहुधा विस्कटलेली, फाटलेली. दोष यंत्राचा कमी, पेशी टिकवण्याच्या रीतीचा जास्त. पॅलाडेनं १९५२ साली ऑस्मियम टेट्रॉक्साइड या जहाल रसायनाची आम्लता नीट सांभाळून एक द्रावण बसवलं. त्यात मुरवलेल्या पेशी जिवंतपणी असाव्यात तशा दिसू लागल्या. प्रयोगशाळांतून या द्रावणाला थट्टेनं ‘पॅलाडेचं लोणचं’ म्हणत. त्या लोणच्याच्या जोरावर त्यानं तंतुकणिकेच्या आतल्या घड्या पाहिल्या आणि १९५५ मध्ये ते बारीक कण वर्णन केले, ज्यांना आज शाळकरी पोरंही रायबोसोम म्हणतात.

पण चित्र कितीही सुबक असलं तरी ते मेलेल्या पेशीचं. कोणती वस्तू आधी कुठे होती आणि मग कुठे गेली, हे त्यातून कसं कळणार? इथे जेम्स जेमिसन हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर आला. दोघांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या ताटलीत जिवंत ठेवल्या. या अवयवाच्या पेशी पाचक प्रथिनं बनवतात आणि बाहेर टाकतात. दुसरा उद्योग जवळजवळ नाहीच, म्हणून निवड अचूक. चकत्यांना फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी ल्यूसीन हे अमिनो आम्ल दिलं, मग ते धुऊन साधं ल्यूसीन ओतलं. आषाढी वारीत एकाच दिंडीला गुलाल लावावा आणि मग दर मुक्कामी उंचावरून फोटो काढत जावं, तसा हा प्रकार. पुढचे-मागचे हजारो वारकरी चालतच असतात. आपण पाहायचा तो फक्त गुलाल. जिवंत जनावराला टोचून हे इतकं नेमकं जमत नव्हतं, कारण रक्तात ल्यूसीन रेंगाळतं आणि गुलाल मागच्या दिंड्यांनाही लागत राहतो.

ठरावीक वेळी चकती उचलायची, लोणच्यात टाकायची, कापायची, त्यावर फोटोच्या रसायनाचा पातळ थर द्यायचा आणि अंधारात आठवडेच्या आठवडे ठेवून द्यायची. जिथे किरणोत्सार, तिथे चांदीचा काळा ठिपका. १९६७ मध्ये छापून आलेलं वेळापत्रक मला पाठ आहे. तीन मिनिटं संपतात तेव्हा ठिपके रायबोसोम चिकटलेल्या अंतर्द्रव्यजालिकेवर. आणखी सात मिनिटांनी गॉल्जी पिंडाच्या कडेच्या पिटुकल्या पुटिकांत. सदतीस मिनिटांनी घट्ट होत चाललेल्या पोकळ्यांत. आणि एकशे सतरा मिनिटांनी, बाहेर पडायला तयार असलेल्या कणिकांत.

हे गॉल्जी पिंड कामिलो गॉल्जीनं १८९८ सालीच दाखवलं होतं. पण ते खरं, की रंगवण्याच्या रसायनातून उमटलेला आभास, यावर विद्वानांनी पुढे कित्येक दशकं वाद घातला. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हा मुलं त्याची आकृती झकास काढायची, नावं पेन्सिलीनं ओळीत लिहायची, दोन मार्क घ्यायची. हे कळलं कसं, असं त्यांना कोणी विचारत नाही, पेपरातही नाही. आपल्या अभ्यासक्रमावर माझा सगळ्यात मोठा राग हाच.

बरं, प्रथिनांच्या या प्रवासाचा औषधाशी संबंध काय? मधुमेह आपल्याकडे घरोघरी. इन्सुलिनसुद्धा याच वाटेनं जातं. आधी लांब प्रोइन्सुलिन बनतं, वाटेत त्याची काटछाट होते, मग कणिकांत साठवण. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बहुतेक रुग्णांचं एक प्रथिन बनतं, पण घडी किंचित चुकल्यामुळे पहिल्याच मुक्कामी अडवलं जातं आणि मोडीत निघतं. आजार ‘कशाचा’ एवढंच नव्हे, ‘कुठे अडलं’ हे विचारायची सवय पॅलाडेनं वैद्यकाला लावली. १९७४ चं नोबेल त्याला क्लोद आणि क्रिस्तियान द दूव्ह यांच्यासोबत मिळालं.

फारकरबाईंचा अवयव मूत्रपिंड. नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या मुलाचे डोळे सकाळी सुजतात, लघवीतून प्रथिनं जातात. १९५७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा रुग्णांच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाळणीवर बोटं रोवून बसलेल्या पेशींची ती बोटंच सपाट झालेली होती. आजही निदान करताना पॅथॉलॉजिस्ट हीच खूण शोधतात. पॅलाडेबरोबर १९६३ मध्ये त्यांनी पेशी एकमेकींना कशा घट्ट जोडलेल्या असतात यावर लिहिलेला निबंध तर माझ्या मते नोबेलच्या तोडीचा. बाई २०१९ मध्ये गेल्या, पॅलाडे २००८ मध्ये.

माझी भाची सॅन डिएगोत असते. तिच्याकडे गेलो तेव्हा मी हट्टानं ती इमारत पाहून आलो. जवळच साल्क संस्था आहे, लुई कानची. त्याचीच अहमदाबादची आयआयएम आपल्या ओळखीची. भाची म्हणाली, “मामा, लोक इथे समुद्र बघायला येतात.” समुद्रही पाहिला.

विभागातल्या पीएचडीची रीत मला फार पटली. विद्यार्थ्याला आल्याआल्या गाईडच्या पदरात टाकत नाहीत. पहिल्या वर्षी तो आळीपाळीनं निरनिराळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे राबतो, माणसं जोखतो, मग ठरवतो. गाईडही त्याला जोखतोच. पुढे पात्रता परीक्षा, दर आठवड्याच्या बैठका, दुसऱ्याच्या निबंधाची सगळ्यांदेखत चिरफाड. एमडी झालेले काही जण स्टेथोस्कोप ठेवून पिपेट धरतात. आपल्याकडे डॉक्टरची पेशीशी ओळख बहुधा पहिल्या वर्षीच संपते.

आता एकच प्रयोगशाळा सांगतो, डॉन क्लीव्हलंड यांची. फारकरबाईंनंतर विभागप्रमुखपद त्यांच्याकडे आलं. एएलएस या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्याच्या एका आनुवंशिक प्रकारामागे एसओडी१ जनुकातला बिघाड आहे, हे १९९३ मध्ये कळलं. बिघडलेल्या प्रथिनावर नंतर उपाय शोधण्यापेक्षा त्याचा निरोपच, म्हणजे आरएनए, वाटेत गाठून नष्ट करायचा, असा मार्ग क्लीव्हलंड, ला होयातलेच डॉक्टर रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी धरला. २००६ मध्ये उंदरांवर तो चालला. त्यातून पुढे आलेलं टोफर्सेन हे औषध पाठीच्या कण्यातून देतात. मोठ्या चाचणीत अठ्ठावीस आठवड्यांनी रुग्णांची ढासळण औषधानं ठळकपणे रोखल्याचं सिद्ध झालं नाही. मात्र चेतापेशींची पडझड दाखवणारं प्रथिन रक्तात कमी झालं. तेवढ्या आधारावर अमेरिकेनं एप्रिल २०२३ मध्ये त्याला सशर्त परवानगी दिली. माझ्या मते ठीकच केलं. आता लक्षणं दिसण्याआधीच, बिघडलेलं जनुक असलेल्या माणसांना ते देऊन पाहण्याची चाचणी चालू आहे.