दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमधील आहार व पूरके : पेठ तालुक्यातील अन्नघटकांच्या संदर्भात

बीजशब्द : सायकलिंग, कर्बोदके, सोडिअम, नागली, क्रीडापूरके

प्रस्तावना :

दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये नाशिक जिल्ह्याने देशपातळीवर स्वतःची ओळख निर्माण केली आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० कि.मी. अंतराची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या सांघिक गटात पूर्ण केली. २०१७ साली नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करी वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे तीच स्पर्धा वैयक्तिक गटात पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले व त्यांच्यापाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. हे चौघेही वैद्यकीय शिक्षण घेतलेले आहेत. आपल्या शरीराला किती ऊर्जा, किती पाणी व किती क्षार लागतात याचा हिशेब ज्याला करता येतो, त्याला या क्रीडाप्रकारात मोठा आधार मिळतो.

जिल्ह्यातील ग्रामीण व आदिवासी भागातील विद्यार्थ्याला हा हिशेब सहसा कोणी शिकवत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती पावडरच्या डब्याची जाहिरात. मर्यादित उत्पन्नाच्या घरात दूध, डाळ व अंडी यांवरचा खर्च अशा डब्याकडे वळला, तर खेळाडूचे पोषण सुधारण्याऐवजी खालावते. म्हणून सायकलपटूच्या शरीराची नेमकी गरज कोणती, ती स्थानिक अन्नातून कितपत भागते आणि पूरकांचे खरे स्थान कोणते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊर्जेचे गणित :

स्नायू व यकृत यांमध्ये ग्लायकोजेनच्या स्वरूपात साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. त्यातून सुमारे १,६०० ते २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मध्यम वेगाने सायकल चालविताना ताशी ४०० ते ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातील काही भाग शरीरातील चरबी पुरविते. तथापि चढावर, जोर वाढताच, कर्बोदकांचा वापर झपाट्याने वाढतो. साठा संपत आला की पाय जड होतात, चक्कर येते, निर्णयशक्ती मंदावते. घाटरस्त्यावर ही अवस्था अपघातास निमंत्रण देणारी असते.

अडीच तासांपेक्षा कमी काळाच्या श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम, तर त्याहून दीर्घ श्रमात ताशी ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा-पोषणशास्त्र सांगते. आतडे केवळ ग्लुकोज ताशी सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच शोषू शकते. फ्रुक्टोजचा शोषणमार्ग वेगळा असल्याने दोन्ही एकत्र घेतल्यास ही मर्यादा ओलांडता येते. महागड्या 'एनर्जी जेल'मागील तत्त्व हेच होय. घरातील साखर ही रासायनिकदृष्ट्या ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचीच जोडी असते आणि गुळाचाही बहुतांश भाग साखरेचाच असतो, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

पाणी व सोडिअम :

घामावाटे पाण्याबरोबर सोडिअमही बाहेर पडते. केवळ साधे पाणी तासन्‌तास व गरजेपेक्षा अधिक प्यायल्यास रक्तातील सोडिअमचे प्रमाण घटते. या हायपोनेट्रेमिया नावाच्या अवस्थेत डोकेदुखी, मळमळ, संभ्रम व गंभीर प्रसंगी झटके येतात. म्हणून 'जितके जास्त पाणी तितके चांगले' ही समजूत दीर्घ पल्ल्यासाठी धोक्याची ठरते. तहान, तापमान व घामाचे प्रमाण पाहून पाणी घ्यावे आणि दर लिटरमध्ये साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडिअम असावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेली जलसंजीवनी मुख्यतः अतिसारातील निर्जलीकरणासाठी आहे. तिच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असल्याने सायकलपटूची ऊर्जेची गरज तिने भागत नाही. याउलट दुकानातील अनेक गोड पेयांत सोडिअम अत्यल्प असते. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली.

नाशिक–पेठ मार्गाचे उदाहरण :

नाशिक ते पेठ हे अंतर सुमारे ५५ कि.मी. असून वाटेत सावळघाट व कोटंबी घाट लागतात. ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्याने जाऊन-येऊन ११० कि.मी. अंतर सहा तासांत कापावयाचे ठरविले, असे मानू. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ व लिंबाचा रस घातल्यास ६० ग्रॅम कर्बोदके व सुमारे ५९० मिलिग्रॅम सोडिअम मिळते. असे तीन लिटर पेय, दोन मध्यम केळी व ५० ग्रॅम गूळ यांतून एकूण सुमारे २७० ग्रॅम, म्हणजे ताशी ४५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. उन्हाळ्यात पाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल. या संपूर्ण शिदोरीत विकतचे एकही पूरक नाही.

नागलीचे स्थान :

पेठ तालुक्यातील आहारात नागली, वरई, भात, उडीद व खुरासणी यांना महत्त्व आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके, ७ ग्रॅम प्रथिने व ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असते. मात्र तंतुमय घटक अधिक असल्याने नागली सावकाश पचते. प्रत्यक्ष सायकल चालविताना ती पोटास जड वाटू शकते. म्हणून आदल्या रात्रीची भाकरी, निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घेतलेली आंबील आणि परतल्यानंतरचे जेवण हे तिचे योग्य स्थान होय. नागलीतील फायटेट व टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. मोड आणणे व आंबविणे या पारंपरिक प्रक्रियांनी तो कमी होतो.

पूरकांची उपयुक्तता व मर्यादा :

दीर्घ श्रम करणाऱ्या खेळाडूस दररोज प्रतिकिलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे वरील विद्यार्थ्यास ७२ ते ९६ ग्रॅम प्रथिने लागतात. केवळ भाकरी व पातळ वरणातून ही गरज भागत नाही, हे मान्य करावे लागते. तथापि उडीद, शेंगदाणे, दूध, अंडी व मासे यांची जोड दिल्यास ती भागू शकते. 'व्हे प्रोटीन' हे दुधातीलच प्रथिन होय. अन्न अपुरे पडते तेथे ते सोय म्हणून उपयोगी आहे, परंतु सायकल चालविताना लागणारे इंधन ते नव्हे.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या सहमतीपत्रानुसार कामगिरी थेट वाढविणारी, पुरेसा पुरावा असलेली पूरके मोजकीच आहेत. त्यांपैकी कॅफीन दीर्घ पल्ल्यासाठी उपयुक्त ठरते. मात्र अतिसेवनाने झोप बिघडते व छातीत धडधड वाढते. लोहाच्या गोळ्या रक्ततपासणी व वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात; विद्यार्थिनींच्या बाबतीत ही तपासणी विशेष अगत्याची आहे. शिवाय काही पूरकांत लेबलवर न नोंदविलेले प्रतिबंधित पदार्थ आढळतात. उत्तेजकविरोधी नियमांनुसार आपल्या शरीरात आढळणाऱ्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच असते. अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही.

निष्कर्ष :

दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये नियमित अंतराने मिळणारी कर्बोदके, प्रमाणशीर पाणी व सोडिअम आणि दैनंदिन आहारातील पुरेशी प्रथिने हा पाया होय. हा पाया स्थानिक व अल्पखर्चिक अन्नातून घालता येतो. पूरकांचा विचार त्यानंतरचा. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी खेळाडूंचे श्रमापूर्वीचे व नंतरचे वजन नोंदविणे, शिदोरीचा तक्ता तयार करणे, नवीन पदार्थ स्पर्धेच्या दिवशी नव्हे तर सरावात आजमावणे आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी घडवून आणणे, एवढ्या बाबी पाळल्या तरी पुष्कळ साध्य होईल. त्यासाठी वजनकाटा, वही व जाणकार प्राध्यापक पुरेसे आहेत.