जरा पायाखाली बघा!

'मैत्री', 'पाऊस' आणि 'ती' या तीन विषयांवरच्या कवितांच्या गर्दीत फरशीवर लेख? मराठी विभागाच्या संपादिकेनेही आधी असाच चेहरा केला होता. पण सबमिशनच्या आठवड्यात पहाटे तीन वाजता शीट पसरायला जागा कोण देतं? मे महिन्यात लाइट गेली की चटई बाजूला सारून आपण कुणाच्या अंगावर आडवे होतो? चार वर्षं जिच्यावर राहायचं, तिच्याबद्दल चार पानं लिहायला हरकत नसावी.

निमित्त घडलं ते आमच्या साताऱ्याच्या घराचं. घर १९७८ सालचं, मोझॅक टाइल्सचं. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर बाबांनी ठरवूनच टाकलं होतं, जुनी फरशी फार कळकट दिसते, वरून पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइल्स टाकून घ्यायच्या. ठेकेदाराने सांगितलं, "फोडायची गरजच नाही साहेब, आहे त्याच्यावर सिमेंटचा बेड टाकू, दोन आठवड्यांत चकाचक." आजी मात्र गप्प होती. तिचं वय ७९, हातात काठी. दोन आठवडे तिला काकांकडे जावं लागणार होतं आणि परत यायचं ते आरशासारख्या गुळगुळीत जमिनीवर. शेवटी मला म्हणाली, "अगं, तू एवढी इंजिनिअरिंग शिकतेस ना, मग सांग की याला काही उपाय नाही का?" आता आली का पंचाईत! टी. ई. सिव्हिलची अब्रू पणाला लागली.

मी कॉन्व्हेंटची. या विषयातले बरेचसे मराठी शब्द मला पॉलिशवाल्या मिस्त्रीमामांनी शिकवले. बाकीचा हिशोब पुस्तकातला.

आधी हिशोबच बघू. जुन्या फरशीवर ४० मिलिमीटरचा वाळू-सिमेंटचा बेड आणि १० मिलिमीटरची टाइल टाकली, तर प्रत्येक चौरस मीटरवर बेडचे साधारण ८४ किलो आणि टाइलचे २३, म्हणजे शंभराच्या वर वजन वाढते. आय. एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी धरायचा चल भार, म्हणजे माणसे, पलंग, कपाटे, लग्नाचे पाहुणे सगळे मिळून, चौरस मीटरला २ किलोन्यूटन, ढोबळमानाने २०० किलो. म्हणजे नुसत्या हौसेपोटी आपण स्लॅबवर त्याच्या निम्मा भार कायमचा ठेवणार! डिझाइन करताना फरशीसाठी काही वजन धरलेले असते, पण ते आधीच्या फरशीने खाल्लेले आहे. स्लॅब उद्या कोसळेल असं मुळीच नाही, पण एवढ्या जुन्या आणि गंज किती चढलाय ते न पाहिलेल्या सळयांवर हे ओझं कशाला? शिवाय पाच सेंटिमीटर जमीन वर आली की प्रत्येक दार खालून कापायचं, उंबरा नाहीसा आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी. (चिकटवायच्या ॲडहेसिव्हवर टाइल बसवली तर वाढीव वजन तीसेक किलोवर येतं. मला विचाराल तर जुन्यावर नवीन टाकायचीच असेल तर हाच एक मार्ग, आणि तोही जुनी फरशी कुठे पोकळ वाजत नसेल तरच.)

मग दुसरा प्रश्न. जुनी फरशी खरंच संपली आहे का?

मोझॅक टाइल भट्टीत भाजलेली नसते. साच्यात आधी रंगीत सिमेंट आणि संगमरवराच्या चिप्सचा थर, त्याच्या मागे साध्या सिमेंट-वाळूचा थर, वरून प्रेसचा दाब आणि मग पाण्यात क्युअरिंग. म्हणजे आपल्या काँक्रीट टेक्नॉलॉजीचीच सख्खी बहीण. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या लाटेत १९२२ साली सुरू झाली आणि अशा सिमेंटच्या टाइल्स आपल्याकडे घरोघर जाण्यात तिचा मोठा वाटा आहे. या टाइलचे स्टँडर्ड आहे आय. एस. १२३७. टाइल साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड असते आणि त्यातला वरचा चिप्सचा थर ५-६ मिलिमीटरचा. हा थर शिल्लक आहे तोवर फरशी जिवंत! एका पॉलिशमध्ये त्यातला थोडासाच भाग झिजतो. आमच्याकडे दाराजवळच्या कोपऱ्यात एक तुटकी टाइल निघाली, तिची कड पट्टीने मोजली तर चिप्सचा थर अजून चार मिलिमीटर भरला. चाळीसहून जास्त वर्षं पाय घासूनसुद्धा!

मग कळकट का दिसते? इथे आपला मोझ स्केल कामाला येतो. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, कठीणपणा ३. चपलांबरोबर येणाऱ्या वाळूत असतो क्वार्ट्झ, कठीणपणा ७. प्रत्येक पावलागणिक ही वाळू बारीक ओरखडे काढते. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परत येतो, ओरखड्यांवरून तो सगळीकडे विखुरतो आणि फरशी मळकट वाटते. त्यात ओरखड्यांत तेलकट धूळ बसते. म्हणजे फरशीला नवीन काही लावायचं नाहीये, तिचे ओरखडे बारीक करत न्यायचे आहेत. पॉलिश म्हणजे एवढंच.

पॉलिशचं मशीन म्हणजे मोटरखाली फिरणारी तबकडी आणि तिला लावलेले कार्बोरंडमचे दगड. सिलिकॉन कार्बाइडचा कठीणपणा ९ च्या वर, त्यामुळे कॅल्साइट त्यापुढे काहीच नाही. आधी ६० नंबर, मग १२०, मग ३२०. नंबर जितका मोठा तितकी कणी बारीक. ६० नंबरची कणी सुमारे पाव मिलिमीटरची असते. प्रत्येक दगडाचं काम एकच, आधीच्या दगडाने काढलेले ओरखडे पुसून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवणे. म्हणूनच ६० वरून थेट ३२० वर उडी मारता येत नाही. बारीक दगड खोल ओरखड्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही, नुसती वरवरची चमक देतो. वेळ वाचवायला काही जण हे करतात, तेव्हा सावध राहा. संध्याकाळी दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा. गोल गोल रेघा दिसल्या, तर १२० चं काम अर्धवट राहिलंय.

६० आणि १२० च्या मध्ये एक पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिच्यात आहे. पहिल्या घासाईनंतर फरशी स्वच्छ धुतली की टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि मोकळ्या पडलेल्या दरजा दिसायला लागतात. (दरजा म्हणजे दोन टाइल्समधले सांधे. हा शब्द मामांचा.) त्यात टाइलच्या रंगाशी जुळणारी सिमेंटची पातळ लापशी भरायची आणि ती पक्की होईपर्यंत चार-पाच दिवस ओली ठेवायची. आमच्या मामांनी पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळा आणि चिमूटभर काळा रंग मिसळून तुकड्यावर तीन वेळा नमुना करून पाहिला, वाळल्यावर रंग फिका पडतो म्हणून. घाई करून ही लापशी दुसऱ्याच दिवशी घासली तर दरजा पुन्हा रिकाम्या, मग पोछ्याचं पाणी रोज आत मुरणार आणि टाइल खालून सैल होणार. बाबा रोज विचारायचे, "अजून सुरू नाही?" आणि मामांचं ठरलेलं उत्तर, "सिमेंटला घड्याळ कळत नाय साहेब."

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर. ओल्या फरशीवर थोडी भुरभुरून गोणपाटाच्या किंवा फेल्टच्या पॅडने घोटायची. तिची कॅल्साइटशी प्रक्रिया होऊन कॅल्शिअम ऑक्झॅलेट तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि बारीक छिद्रांत बसतं. जाता जाता लोखंडी कपाटाच्या पायांखालचे गंजाचे डागही ती काढते. पण पावडर विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि मास्क हवेतच आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

ओल्या जमिनीवर विजेचं मशीन चालतं हे इलेक्ट्रिकलवाल्यांच्या लक्षात आलंच असेल. ३० मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. असल्याशिवाय सुरू करू देऊ नका. आणि घासताना निघणारा राखाडी चिखल मोरीत ओतू देऊ नका. बारीक गाळ आहे तो, पाइपच्या वळणात बसून राहतो. वायपरने गोळा करायचा आणि बादलीने बाहेर न्यायचा.

आजीच्या खोलीत आणि मोरीच्या वाटेवर आम्ही १२० नंबरलाच थांबलो. तिथे चमक कमी आहे, पण ओल्या पायाला पकड मिळते. ३२० आणि वरून मेण लावलं तर दिसायला छान, ओलं झालं की घसरगुंडी. बाबांनी दोन्ही खोल्या बघून आधी तोंड वाकडं केलं, पण आजी काठी न टेकता कपाटापर्यंत गेली तेव्हा काही बोलले नाहीत. खर्च नव्या टाइल्सच्या कोटेशनच्या चौथा हिस्सासुद्धा झाला नाही. आजी काकांकडे गेलीच नाही. एका वेळी एकच खोली केली, ती शेजारच्या खोलीत पलंगावर बसून देखरेख करत होती!

सीलरबद्दल थोडं. बाजारात दोन जाती आहेत. एक वर पापुद्रा धरणारी, अक्रिलिक, इपॉक्सी वगैरे. दुसरी आत मुरणारी, सिलेन-सिलॉक्झेनची, जी छिद्रांच्या भिंती पाणी झटकणाऱ्या करते पण छिद्र बंद करत नाही. तळमजल्यावर जमिनीतून ओल वर येते. तिथे पापुद्रा लावला की वाफ खाली अडकते, फोड येतात, पोपडे निघतात. मुरणारं सीलरच बरं. लावण्याआधी अठरा इंची प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर फरशी अजून ओली आहे, थांबा. आणि सीलर हवंय की नाही हेच बघायचं असेल तर पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांत मुरून काळा डाग पडला तर हवंय.

शहाबादी, कोटा, संगमरवर यांनाही असंच पुन्हा पॉलिश करता येतं. शहाबादी आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कोटा राजस्थानातली, आणि दोन्ही चुनखडकच. ग्रॅनाइटला हिऱ्याचे पॅड लागतात. कोकणातल्या घरांतला लाल कोबा मात्र घासू नये. त्याचा रंगीत थर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, त्याला फक्त मेण. आणि ग्लेझ्ड टाइलची वरची काच एकदा गेली की गेली.

ज्यांच्या घरी नवीन फ्लॅटमध्ये टाइल्स बसवायच्या आहेत त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. रात्री अचानक धाडकन आवाज होऊन हॉलमधल्या टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या, असं ऐकलं असेल. भूतबाधा नाही, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स आहे! आय. एस. ४५६ मध्ये काँक्रीटच्या आकसण्यासाठी ०.०००३ हा आकडा दिला आहे. पाच मीटरच्या खोलीत तो होतो दीड मिलिमीटर. स्लॅब हळूहळू आकसतो, टाइल आकसत नाही, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत टाइलला टाइल चिकटवून बसवली असेल तर जाणार कुठे? वरच! त्यातून व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषते जास्तीत जास्त अर्धा टक्का, त्यामुळे साध्या सिमेंटची तिच्यावर पकडही कमी. म्हणून स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटरची दरज ठेवायची, भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची (ती स्कर्टिंगखाली झाकली जाते) आणि पॉलिमरचं ॲडहेसिव्ह वापरायचं. "दरज दिसायलाच नको" म्हणणाऱ्या आईची समजूत काढणं हा व्हायव्हाचा भाग समजा.

आता होस्टेल. आपल्या पॅसेजमध्ये शहाबादी आहे आणि मोरीजवळ ती पांढरट, खडबडीत झाली आहे. कारण दर शनिवारी ओतलं जाणारं ॲसिड. हायड्रोक्लोरिक ॲसिड चुनखडकावर पडलं की बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फरशीच हवेत उडून चालली आहे. मावशींना वाटतं मळ निघतोय, आणि त्यांना बाटली तीच दिली जाते, त्यांचा काय दोष? टॉयलेटच्या सिरॅमिकवर फार तर चालेल, शहाबादी, कोटा आणि मोझॅकवर कधीच नको. साधं डिटर्जंट, कोमट पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. मेसमध्ये लिंबू सांडलं तरी लगेच पुसा, तेही ॲसिडच. आणि दारात जाडसर पायपुसणं हवं. क्वार्ट्झ बाहेरच राहिलेला बरा.

अजून एक. कुणाच्या घरी बांधकाम चालू असेल तर डझनभर टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवायला सांगा, पुढे तोच रंग मिळत नाही. आमच्या माळ्यावर आजोबांनी पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या अकरा मोझॅक टाइल्स सापडल्या. चार स्वयंपाकघरात फुटक्यांच्या जागी लागल्या. न झिजलेल्या असल्याने आधी किंचित वर आल्या होत्या, ६० नंबरच्या दगडाने सगळ्यांच्या बरोबरीला आणल्या. सात अजून माळ्यावर आहेत.