मेन्सा हे कूळ नव्हे

2010 च्या फुटबॉल विश्वचषकात घानाच्या संघात बचावाला दोन मेन्सा होते, एक जॉन आणि दुसरा जोनाथन. तेव्हापासून फुटबॉल बघणाऱ्या मंडळींकडून एकच प्रश्न ऐकतोय: ‘हे दोघे भाऊ ना?’ नाहीत, म्हणून सांगितलं की लगेच दुसरं वाक्य येतं, ‘बरं, सख्खे नसतील, पण भावकीतले तर असणारच. मेन्सा हे तिथलं मोठं कूळ आहे.’ पहिला प्रश्न निदान साधा होता. हे दुसरं वाक्य मात्र ठाम असतं, माहितगाराच्या थाटात येतं आणि सपशेल चुकीचं असतं. ‘मेन्सा म्हणजे अकान लोकांची एक जात’ इथपर्यंत मजल गेलेलीही मी ऐकली आहे. त्यामुळे हे एकदा नीट सांगून टाकावं म्हणतो.

अकान हा घानातला सर्वांत मोठा समाज. 2021 च्या जनगणनेत त्यांचं प्रमाण सुमारे 46 टक्के भरलं. आसांते, फांते, अक्वापिम, अक्येम असे त्यांचे गट, आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्येही त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यात मुलाला जन्मक्रमावरून नाव देण्याची जुनी चाल आहे. दुसऱ्याला मानू, चौथ्याला अनाने किंवा फांते बोलीत अन्नान, दहाव्याला बादू. मेन्सा हे तिसऱ्या मुलाचं नाव. अकानांच्या चुई भाषेत तीनाला ‘मिएन्सा’ म्हणतात, तेच यात आहे. म्हणजे मुळात हे कोणा पूर्वजाचं, गावाचं किंवा धंद्याचं नाव नाही. घरोघरी तिसरा मुलगा जन्माला येतो, तसा घरोघरी मेन्सा जन्माला येत होता. हजारो घरांत, एकमेकांचा काडीचा संबंध नसताना. ‘सगळ्या मेन्सांचा मूळपुरुष कोण’ हा प्रश्नच त्यामुळे निकालात निघतो.

आता कुळाचं बघू, कारण खरं घोडं तिथे पेंड खातं.

अकानांमध्ये कुळं आहेत, भक्कम आहेत. त्यांना ‘अबुसुआ’ म्हणतात. आसांतेंमध्ये साधारण आठ मोजतात: ओयोको, ब्रेतुओ, आगोना, आसोना, अदुआना, आसेनिए, एकुओना, असाच्यिरी. या यादीत मेन्सा नाही, ओवुसू, बोआतेंग यांसारखी इतर आडनावंही नाहीत. आणि ते नसणं हा योगायोग नाही. अबुसुआ आईकडून येतं. आई ओयोको तर मुलं ओयोको, बाप कोणत्याही कुळातला असो. बापाकडून मुलाला वेगळा आध्यात्मिक वारसा मिळतो असं मानतात, त्याला ‘न्तोरो’ म्हणतात. पण कूळ, कुळाची जमीन, गादीवरचा हक्क हे सगळं आईच्या रेषेत चालतं. नाव ठेवण्याचा मान मात्र बापाचा. म्हणजे नाव एका रेषेने जातं आणि कूळ दुसऱ्याच रेषेने. समजा, मेन्सा आडनावाच्या माणसाचं लग्न आसोना कुळातल्या बाईशी झालं, तर मुलं आडनावाने मेन्सा आणि कुळाने आसोना. त्या माणसाचं स्वतःचं कूळ वेगळंच, कारण एकाच अबुसुआत लग्न करायचं नाही असा नियम आहे. एका घरात, एका ताटाभोवती बसलेले मेन्सा बाप-लेक दोन वेगळ्या कुळांचे असतात. आणि याच आडनावाला लोक कूळ म्हणतात!

हे पुस्तकी वाटत असेल तर इस्टेटीचं उदाहरण घ्या. अकान पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याने स्वतः कमावलेलं घरसुद्धा परंपरेप्रमाणे त्याच्या आईच्या कुळाकडे जायचं, आणि वारस ठरायचा बहुधा त्याचा भाऊ, नाहीतर भाचा. आडनाव लावणारा मुलगा बघत राहायचा आणि मामाचं घर भाच्याच्या नावावर व्हायचं. विधवेला आणि मुलांना घराबाहेर काढल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की घाना सरकारने 1985 मध्ये वारसाहक्काचा कायदाच केला. ‘पीएनडीसी कायदा 111’ या नावाने तो ओळखला जातो. त्याने बायको-मुलांना कमावलेल्या इस्टेटीत ठोस वाटा दिला, राहतं घर दिलं. कुळाच्या सामाईक मालमत्तेला मात्र हातही लावला नाही. ती आजही आईच्या रेषेतच आहे. आडनाव आणि कूळ एकच असतं, तर या कायद्याची गरज तरी कशाला पडली असती?

आणखी एक उदाहरण घ्या. घानाचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन कुफुओर यांच्या पत्नी थेरेसा या माहेरच्या मेन्सा. 1969 ते 1972 या काळात अर्थखातं सांभाळलेले जे. एच. मेन्सा त्यांचे सख्खे भाऊ. लग्नानंतर बहिणीचं आडनाव बदललं, भावाचं राहिलं. अबुसुआ दोघांचं एकच, मरेपर्यंत. आडनाव असं एका लग्नात गळून पडतं, कूळ पडत नाही.

मुळात अकानांना आडनाव नावाची वस्तूच नव्हती, हे आपल्या लोकांना पटवताना माझ्या नाकी नऊ येतात. नामकरण कसं होतं ते बघितलं तर पटेल. मूल जन्मलं की त्याच्या वाराचं नाव त्याला आपोआप लागतं, ते कोणी निवडत नाही. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शुक्रवारची मुलगी अफुआ. आठव्या दिवशी पहाटे नामकरण होतं. घरातली वडीलधारी व्यक्ती बाळाला मांडीवर घेते, बोट पाण्यात बुडवून बाळाच्या जिभेला लावते, मग तेच बोट मद्यात बुडवून लावते. जुन्या काळी ताडमाडी, आता बहुधा जिन किंवा श्नॅप्सची बाटली. पाण्याला पाणी म्हण, मद्याला मद्य म्हण, म्हणजे खरं बोल, असा त्याचा अर्थ सांगतात. मग बापाने निवडलेलं नाव जाहीर होतं. ते बापाच्या आदरातल्या कोणाचंही असू शकतं: आजोबांचं, काकाचं, उपकारकर्त्या मित्राचं. त्यामुळे सख्ख्या चार भावांची नावं क्वाकू ओवुसू, याव बोआतेंग, कोफी मेन्सा, क्वामे अपिया अशी असू शकत होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. घाना विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ कोफी आग्येकुम यांनी 2006 मध्ये अकान व्यक्तिनामांवर सविस्तर लेख लिहिला आहे. नावांच्या अशा किती तऱ्हेच्या खाणी आहेत ते त्यात तपशिलाने येतं: वार, क्रम, जुळेपण, जन्माच्या वेळची परिस्थिती, देवस्थान, आणि आणखी बरीच.

आडनाव आलं ते मिशन, शाळा आणि कचेऱ्यांबरोबर. बाझेल मिशनचे पाद्री 1828 मध्ये किनाऱ्यावर उतरले, वेस्लियन 1835 मध्ये. बाप्तिस्म्याच्या वहीत एक ख्रिस्ती नाव आणि एक ‘कुटुंबनाव’ असे रकाने असत. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं? बापाचं जे नाव असेल ते. बाप घरातला तिसरा मुलगा असेल तर मेन्सा. तिथून पुढे त्याची सगळी मुलं, पहिली, पाचवी, मुलीसुद्धा, मेन्सा झाली आणि क्रमाचा अर्थ उडून गेला. हे एका रात्रीत घडलं नाही, सगळीकडे सारखंही घडलं नाही. गोल्ड कोस्टमधले, म्हणजे तेव्हाच्या घानातले, पहिले आफ्रिकी बॅरिस्टर जॉन मेन्सा सार्बा यांचं नाव बघा. वडील जॉन सार्बा, मुलगा जॉन मेन्सा सार्बा. इथे सार्बा आडनाव झालं आणि मेन्सा मधल्या जागी राहिलं. दुसऱ्या घरात नेमकं उलटं झालं असतं. याच सार्बांचं ‘फांती कस्टमरी लॉज’ हे 1897 चं पुस्तक मातृवंशी वारसाहक्कावर आजही उद्धृत होतं. तेव्हा ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी एका मेन्सालाच विचारावं.

आता ‘मेन्सा म्हणजे अकानच’ हे दुसरं ठाम विधान. तेही टिकत नाही. आक्राचे गा आणि पूर्वेकडचे एवे हे अकान नव्हेत, त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत, पण तिसऱ्या मुलाला मेन्सा आणि तिसऱ्या मुलीला मान्सा ही चाल त्यांच्यातही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1730 पर्यंत अक्वामू या अकान राज्याचा अंमल आक्रावर होता आणि पूर्वेला एवे मुलखातही त्याचा दबदबा होता. त्याशिवाय बाजार, लग्नं आणि शेजार होताच. ‘हायलाइफ’ संगीताचे सम्राट म्हणून गाजलेले ई. टी. मेन्सा (1919-1996) आक्राच्या गा घराण्यातले. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे टेट्टे, आणि गा-दांग्मे लोकांत टेट्टे हे पहिल्या मुलाचं नाव! आडनाव तिसऱ्याचं, मधलं नाव पहिल्याचं, आणि माणूस अकान नाही. घ्या आता आडनावावरून जमात ओळखायला. जाधव म्हटल्यावर जात सांगू पाहणाऱ्याची जी फजिती होते, तीच इथे होते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन तोगोलँडची इंग्रज आणि फ्रेंचांनी वाटणी केली आणि तिथले एवे लोक दोन राजवटींत विभागले गेले. इंग्रजांकडचा भाग 1956 च्या सार्वमतानंतर घानात आला, उरलेला आज तोगो. म्हणून तोगोची राजधानी लोमे इथे आणि पुढे बेनिनमध्येही हे आडनाव भरपूर भेटतं. फ्रेंच बोलणारे मेन्सा दिसले की ‘हे घानातून स्थलांतरित झालेले’ असं लिहू नये, एवढं तरी करावं. सरहद्द त्यांच्यावरून गेली आहे.

बाकीचे समज झटपट उरकतो. प्रत्येक मेन्सा तिसरा मुलगा असतो का? पूर्वी असे, आता ते वारशाने आलेलं आडनाव आहे. घानात आडनाव जन्मवारावरून ठरतं का? नाही, वारावरून पहिलं नाव ठरतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अट्टा अन्नान 8 एप्रिल 1938 ला, शुक्रवारी जन्मले म्हणून कोफी, जुळे होते म्हणून अट्टा, आणि ‘चौथा’ या अर्थाचं अन्नान मात्र वडील हेन्री रेजिनाल्ड अन्नान यांच्याकडून आलेलं. इंग्रजी स्पेलिंगमधल्या शेवटच्या ‘एच’चा काही गूढ अर्थ आहे का? इंग्रजी राजवटीतली लिहिण्याची पद्धत, बाकी काही नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीमुळे परिचित असलेल्या ‘मेन्सा’ या बुद्ध्यंकवाल्या संस्थेशी संबंध? तिचं नाव लॅटिन आहे, अर्थ टेबल.

मालीचा राजा मान्सा मुसा याला मात्र एक परिच्छेद द्यावा लागतो, कारण जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचा मेसेज फिरला की मेन्सा त्याचे वंशज असल्याची पुस्ती कोणीतरी जोडतंच. मान्सा ही मालीच्या साम्राज्यातली पदवी, मांदिंका भाषेत अर्थ राजा. मुसाची मक्का यात्रा 1324 ची. अकान भाषा वेगळ्या कुळातली आणि तिथलं मान्सा हे तिसऱ्या मुलीचं नाव. याला बादरायण संबंध म्हणतात.

राहता राहिला आजचा प्रसार, आणि इथेही एक दंतकथा आहे: अमेरिकेतले मेन्सा गुलामांच्या जहाजांतून गेले. त्या जहाजांतून अकान माणसं गेली हे खरं, लाखोंनी गेली. पण तिकडे टिकून राहिली ती मुख्यतः वाराची नावं. एडवर्ड लाँगने 1774 च्या जमैकाच्या इतिहासात ती नोंदवलीच आहेत: क्वाशी, कजो, कफी. मॅसॅच्युसेट्सचे जहाजमालक पॉल कफी (1759-1817) यांचं आडनाव हे त्यांच्या अकान वडिलांचं, कोफी स्लोकम यांचं, पहिलं नाव. आडनाव म्हणून मेन्सा अटलांटिकपलीकडे पोचलं ते मुख्यतः विसाव्या शतकात, पासपोर्टवर.

त्याला कारण घानाची घसरलेली अर्थव्यवस्था. सत्तरच्या दशकात माणसं तेलाच्या पैशासाठी नायजेरियात गेली. जानेवारी 1983 मध्ये नायजेरियाने परदेशी कामगारांना हाकललं, त्यात सुमारे दहा लाख घानावासी होते. चौकटी-चौकटीची स्वस्त प्लॅस्टिकची मोठी पिशवी, जी आपल्याकडेही रेल्वे फलाटावर दिसते, तिला पश्चिम आफ्रिकेत तेव्हापासून ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. परतलेल्यांपैकी अनेक आणि त्यांच्यामागून आणखी काही युरोप-अमेरिकेकडे निघाले. म्हणून आज मेन्सा लंडनमध्ये सापडतात, हॅम्बुर्गमध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमच्या बाइल्मर भागात, टोरांटोत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. ‘300’ या सिनेमात लिओनिडासने विहिरीत ढकललेला इराणी दूत आठवतो? तो नट पीटर मेन्सा, घानात जन्मलेला.

आडनावांचे आकडे देणाऱ्या संकेतस्थळांवर मेन्सांची देशवार संख्या शेवटच्या अंकापर्यंत छापलेली असते. ते अंदाज आहेत आणि त्यात अकान, गा, एवे सगळे एका रकान्यात आहेत. व्यक्ती शोधतानाही जपून. थॉमस मेन्सा नावाचे दोन नामवंत होऊन गेले, दोघेही कुमासीत जन्मलेले. एक समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे 1996 ते 1999 पर्यंतचे पहिले अध्यक्ष, दुसरे ऑप्टिकल फायबरवर काम केलेले अभियंता. मधलं नाव लिहून शोधा: न्यायमूर्ती अबोआग्ये, अभियंता ओवुसू.