विश्लेषण : पद्मश्री जाहीर झालेले तारपावादक भिकल्या धिंडा कोण आहेत? नवा तारपावादक तयार होणे इतके अवघड का?

वारली चित्र घराघरांत पोहोचले आहे. कपांवर, साड्यांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर ते दिसते. त्यातला सर्वात ओळखीचा देखावा म्हणजे हात गुंफून वळसे घेत नाचणारी माणसे आणि मधोमध लांब वाद्य फुंकणारा वादक. हे वाद्य म्हणजे तारपा. चित्र सगळ्यांनी पाहिले आहे, आवाज मात्र फार थोड्यांनी ऐकला आहे. पालघर जिल्ह्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्री जाहीर झाला आणि या आवाजाकडे देशाचे लक्ष गेले.

कोण आहेत भिकल्या धिंडा?

जव्हार तालुक्यातले वाळवंडा हे त्यांचे गाव. वय नव्वदीच्या घरात. त्यांच्या नावातले ‘लाडक्या’ हे वडिलांचे नाव. वडील तारपा वाजवत, आजोबाही आणि पणजोबाही. म्हणजे ही किमान चौथी पिढी. भिकल्या धिंडा लहानपणीच वाजवायला लागले आणि ते वाजवण्याबरोबर तारपा स्वतः बनवतातही. पद्मश्रीआधी संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला आहे. याआधी याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाला होता. मशे यांच्यामुळे वारली चित्र जगात गेले. आता त्या चित्रातल्या वादकाचा मान झाला आहे.

तारपा बनतो कशाचा?

यातला एकही भाग दुकानात मिळत नाही. वाळवून आतून पोकळ केलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बसवलेल्या जिभेसारख्या पातळ पट्ट्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा आणि सांधे बंद करायला मेण. भोपळ्यात फुंकलेली हवा नळ्यांमधल्या पट्ट्या कंपित करते, बोटांनी नळ्यांवरची छिद्रे उघडझाक करून सूर बदलतो आणि कर्णा तो आवाज मोठा करून रानापर्यंत नेतो. भोपळा पावसाळ्यात वेलीवर धरतो, नंतर वाळतो. म्हणजे नवा तारपा हवा असेल तर आधी हंगामाची वाट पाहावी लागते.

श्वास न तोडता कसा वाजवतात?

तारपा नाचात मध्येच थांबत नाही. सूर तुटला तर पावले अडखळतात. म्हणून वादक गालांत हवा साठवतो, ती तोंडाने सोडत असतानाच नाकाने नवा श्वास आत घेतो. सनईवादक आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजेरिडू वाजवणारेही हेच तंत्र वापरतात. यात फुप्फुसांच्या ताकदीपेक्षा सवय महत्त्वाची असते आणि ती लहान वयात लागली तर लवकर अंगात मुरते. नुसते समजून घेऊन हे जमत नाही, रोज फुंकावे लागते.

तो केव्हा आणि कुणासाठी वाजतो?

पावसाळा सरता सरता भात पिकते, तेव्हापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत तारप्याचा मुख्य काळ. नारनदेव, हिमाई अशा देवतांच्या चाली वेगळ्या, नाचाच्या वेगळ्या. चाल बदलली की पावले बदलतात, त्यामुळे वादकाला चाली पाठ असाव्या लागतात आणि नाचणाऱ्यांना त्या ओळखता याव्या लागतात. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. नाच रात्रभर चालू शकतो. इथे तिकीट नसते आणि वेगळा बसलेला प्रेक्षकही नसतो. ऐकायला आलेला माणूस थोड्या वेळात साखळीत सामील होतो.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आवडीची नाही, वेळेची आहे. जुन्या पिढीतल्या मुलांना गुरांमागे रानात दिवसभर मोकळा वेळ मिळायचा. फुंकून पाहायचे, चुकायचे, पुन्हा फुंकायचे. आज मुले शाळेत जातात, आणि ते योग्यच आहे. पुढे पोटासाठी गाव सोडावे लागते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली कित्येक कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तरुण बोईसरला खोली घेऊन तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या औषध, रसायन, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांत कंत्राटी काम पकडतात. तिथे पाळी ठरलेली असते. रात्रपाळी बुडवली तर त्या दिवसाची मजुरी जाते. तारप्याची रात्र आणि कारखान्याची रात्र एकाच वेळी येते.

दुसरी अडचण मंचाची. प्रजासत्ताक दिन, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, पाहुण्यांचे स्वागत अशा प्रसंगी तारप्याला बोलावणे येते. त्यातून ओळख आणि थोडे मानधन मिळते. पण कार्यक्रमात पाच-दहा मिनिटे असतात. तेवढ्यात दोन-तीन चाली होतात. तरुण वादक फक्त मंचावर शिकला, तर तो तेवढ्याच शिकेल. देवांच्या चाली गावात, त्यांच्या वेळेलाच ऐकायला मिळतात.

पुरस्काराने काय बदलेल?

पद्मश्रीसोबत सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नसते. नावाआधी पदवीसारखा त्याचा वापरही करता येत नाही. त्यामुळे केवळ सन्मानाने नवा वादक घडणार नाही. नव्वदीतल्या वादकाला ज्या चाली येतात त्या पूर्ण लांबीने, कोणती चाल कशासाठी याच्या माहितीसह ध्वनिमुद्रित करणे, हे आधी करण्यासारखे काम. दुसरे म्हणजे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्यालाही त्या दिवसांची मजुरी मिळेल अशी सोय. संगीत नाटक अकादमीसारख्या संस्था गुरू-शिष्य परंपरेसाठी पाठबळ देतात. ते जव्हारच्या पाड्यापर्यंत पोहोचणे आणि भाताच्या हंगामाशी जुळणे गरजेचे आहे.

कारण ध्वनिमुद्रणात चाल टिकेल, श्वास टिकणार नाही. तो समोर बसून, गुरूचे गाल बघतच शिकावा लागतो. धिंडा यांच्या घरात तो असाच चार पिढ्या पुढे आला आहे.